मंडळीची मूठ

चर्चच्या मागच्या खोलीचं कुलूप उघडायला तीन माणसं आणि अर्धी बाटली खोबरेल तेल लागलं. रंगकाम निघालंय, खोली रिकामी करायचीय, तुम्हीच सगळ्यांत जुन्या आहात तर काय ठेवायचं नि काय टाकायचं ते बघून सांगा, असं आमच्या नव्या पाळकसाहेबांनी फोनवर म्हटलं तेव्हा मला जरा रागच आला. जुनी आहे हे खरं, पण ते लोकांनी सांगायची गरज नाही. तरी प्रताप नगरहून रिक्षा करून गेले.

आत मोडके बाक होते, नाताळच्या चांदणीचे बांबू होते, भाता फाटलेली पेटी होती. कोपऱ्यात माझ्या छातीएवढी पत्र्याची कोठी उभी होती. झाकण उचललं आणि वाकून वास घेतला. जुन्या तांदळाचा, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा. आणि त्याच्याखाली आणखी एक, तेंदूच्या पानाचा. हा तिसरा वास माझ्या मनाचाच असेल, इतकी वर्षं तो टिकायचा नाही. पण मला तो आला हे मी नाकारणार नाही.

‘यात काय असायचं हो?’ पाळकसाहेबांनी विचारलं. पोरगा चांगला आहे, पण नागपुरात नवा.

‘मूठ,’ मी म्हटलं. तो माझ्या मुठीकडे पाहत राहिला.

आता दानपेटीशेजारी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला असतो. फोन समोर धरला की दान पोचतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही, मीही तसंच देते. पण आमच्या वेळी दान कसं दिलं जायचं ते या पोराला सांगायला बसले, आणि रंगारी ताटकळत उभा राहिला.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या त्या सत्तर-ऐंशी घरांत, चूल पेटली की आधी मूठ निघायची. भाताचं आधण ठेवलं, तांदूळ काढले, की धुवायच्या आधी त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात. सकाळी एक, संध्याकाळी एक. घरात पाहुणे असोत की रेशनची रांग लांबलेली असो, मूठ चुकायची नाही. माझी आई इस्पितळात नर्स होती. हात लहान, त्यामुळे मूठही लहान, आणि ते तिला फार खुपायचं. बाबा टपालखात्यात, आठवड्यातले चार दिवस गाडीबरोबर बाहेर. ते घरी असले की ती त्यांना स्वयंपाकघरात बोलावून त्यांच्या हातानं मूठ काढायला लावायची. नसले की आपल्या मुठीवर एक चिमूट वर टाकायची. एकदा महिनाअखेरीला डब्याचा तळ दिसत होता आणि तरी तिनं मूठ काढली, तेव्हा मी बोललेच, की आपल्यालाच पुरत नाही तर देवाला कशाला. ती म्हणाली, ‘आपल्या गंजातून गेली त एकच मूठ जाते. तिकडं साऱ्याईच्या मिळून कोणाचं जेवण होते.’ मी त्या वेळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि सगळं मलाच कळतं असं मला वाटायचं.

रविवारी बायका जुन्या परकरांच्या, पडद्यांच्या शिवलेल्या पिशव्यांतून आठवड्याची मूठ घेऊन यायच्या. तिसरं गीत सुरू झालं की एकेक जण पुढे जाऊन कोठीत तांदूळ ओतायची. पहिल्या पिशवीचा आवाज पत्र्यावर सडसडत यायचा, मग कोठी भरत जाई तसा तो मऊ होत जायचा. डोळे मिटूनसुद्धा सांगता यायचं की या आठवड्याला भरपूर आलं की ओढाताण होती. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं असायचं आणि त्या ओल्या वासात तांदळाचा कोरडा वास मिसळायचा. पावसाळ्यात सोंडे व्हायचे, मग आम्ही मुली पाला घालून, चाळून, उन्हात पसरून देत असू. थंडीत त्याच अंगणात संत्र्याच्या साली वाळत असायच्या.

आणि तो तांदूळ. कोणाचा लुचई, कोणाचा चिन्नोर, कोणाचा रेशनचा जाडाभरडा, कोणाचा भंडाऱ्याच्या मामानं पाठवलेला नवा. सगळा एका कोठीत. त्याचा भात कधी सारखा शिजला नाही. एका शिताची पेज झालेली असायची आणि शेजारच्या शिताचा अजून विचार चाललेला असायचा. आम्ही त्याला मंडळीचा भात म्हणायचो, कारण आमच्या पंचांच्या सभांमध्येही असंच असायचं.

कोठीतला तांदूळ विधवांना जायचा, इस्पितळात खेड्यांतून आलेल्या रोग्यांच्या माणसांना जायचा, वसतिगृहातल्या पोरांना जायचा. वाटपावर नजर शांतवन मास्तरांची. मास्तर निवृत्त हेडमास्तर, पंचांमध्ये सर्वांत वडीलधारे. काळा कोट, छत्री, आणि बोलणं छापील पुस्तकासारखं. तंबाखू हा त्यांचा जन्माचा वैरी. शाळेत असताना सकाळी फाटकाशी उभं राहून ते मोठ्या पोरांच्या बोटांचा वास घ्यायचे, आणि ती सवय चर्चच्या पायऱ्यांवरही सुटली नव्हती. आमचे पीटरमामा, आईचे भाऊ, मालगाडीवर गार्ड होते. ते दर रविवारी लिंबाच्या सालीनं बोटं घासून यायचे.

चर्चच्या भिंतीपलीकडे बिडीवाल्या बायकांची वस्ती होती. भिंतीत एक खिंडार होतं आणि त्यातून त्या आमच्या विहिरीवर पाण्याला यायच्या. तेंदूच्या भिजलेल्या पानांचा वास आधी यायचा, मग बायका. दारात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या, कैचीनं पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दुमडायचं. बोलणं चालू, डोळे दुसरीकडेच, आणि बोटं आपली आपण चाललेली. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, आणि दिवसभरात हजार बिड्या झाल्या तर घरात चूल.

त्यांत सुभद्रामावशी होती. नवरा वारलेला, दोन मुली. काळीसावळी, उंच, आणि जिभेला हाड नाही. दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून मुलींना घेऊन दीक्षेच्या मैदानाकडे निघायची तेव्हा सगळी गल्ली तिच्या मागे असायची. माझी तर ती पाठच सोडायची नाही. ‘काहून वं, एवढी शिकून राहिली, बिडी वळता येते काय तुले?’ म्हणायची. मी एकदा वळून दाखवली. ती बिडी तिनं वस्तीभर फिरवून दाखवली आणि लोक आठवडाभर हसले.

ज्या वर्षाची मी गोष्ट सांगते आहे त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सुभद्रामावशी कामठी रोडवरच्या बिडीच्या वखारीतून संध्याकाळी परत आली ती पदरात सहा कट्टे घेऊन. वखारीत कट्टे देऊन यायचं असतं, घेऊन नाही. त्यामुळे गल्ली गोळा झाली. झालं होतं ते असं. वखारीत मुनीम गादीवर बसून प्रत्येकीचे कट्टे दाबून बघायचा आणि त्यातले चारपाच, सहा, मनात येईल तसे बाजूला फेकायचा. त्याला म्हणायचे छाट. छाटीचे पैसे नाहीत, उलट पानाची आणि जर्द्याची किंमत मजुरीतून कापायची. आणि ती छाट फेकून द्यायचे म्हणता? छे. तीच बिडी लेबल लावून पानठेल्यावर जायची. हे वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. त्या दिवशी सुभद्रामावशीनं गादीवरून आपले सहा कट्टे उचलले आणि म्हणाली, खराब आहेत ना, पानजर्द्याचे पैसेही तुम्ही माझे कापले, मग या बिड्या माझ्या. मुनीम चोर म्हणून ओरडला. ती चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी वस्तीतली एकही बाई वखारीत पान आणायला गेली नाही. छाट बंद करा, नाहीतर आमच्या डोळ्यांसमोर ती मोडा, एवढंच त्यांचं म्हणणं. कैच्या भिंतीला टांगून त्या कडुलिंबाखाली बसल्या. मुनीम काही बोलला नाही. त्याला बोलायची गरज नव्हती. पोट बोलेल हे त्याला माहीत होतं.

चौथ्या दिवशी आईनं विहिरीवर कोणाचं पोर मातीचं ढेकूळ चघळताना पाहिलं. ती ड्यूटीचा पांढरा पोशाखही न बदलता पाळकसाहेबांकडे गेली. त्या वेळचे आमचे पाळकसाहेब नगरकडचे, शांत, कमी बोलणारे. मजुरांच्या अर्जांसाठी लेबर ऑफिसला खेटे ते आधीपासून घालत होते. उपासना आणि न्याय यांत त्यांनी कधी भिंत घातली नाही. त्यांनी पंचांना बोलावलं. बायकांना पंचांच्या सभेत बोलायची रीत नव्हती, म्हणून आई दाराशी उभी राहिली, आणि मी तिच्यामागे.

शांतवन मास्तरांनी दोन हरकती घेतल्या. त्या बायका आपल्या मंडळीच्या नाहीत ही पहिली. दुसरी त्याहून मोठी. बिडी हे पाप आहे. चाळीस वर्षं मी जे पोरांच्या हातून हिसकावलं तेच वळणाऱ्या हातांना देवाचं अन्न कसं द्यायचं? बिडीचा धंदा बुडत असेल तर बुडू द्यावा, असं त्यांनी शुद्ध भाषेत सांगितलं. ते दुष्ट नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

आई दारातूनच बोलली. ‘मास्तर, तांदूळ आमच्या चुलीवरचा हाये. मी मूठ काढली तवा ते कोणाच्या तोंडात जाईन, हे देवाले विचारलं नव्हतं. तुमी काहून विचारून राहिले?’

पाळकसाहेब म्हणाले की पुढच्या रविवारपासून कोठी वस्तीसाठी उघडेल. मास्तर छत्री उचलून निघून गेले. त्यांच्या घरची पिशवी मात्र रविवारी आली, आणि जड होती. मास्तरीणबाईंनी ती त्यांच्या नकळत भरली होती की कसं, ते मी कधी विचारलं नाही.

त्या दिवसापासून घराघरांत एकाच्या दोन मुठी झाल्या. अंगणात तीन दगडांच्या चुली मांडल्या गेल्या. आमच्या बायका आणि वस्तीतल्या बायका मिळून रांधायच्या. धुरानं डोळे चुरचुरायचे, पोरं पंगतीत ढकलाढकल करायची. मंडळीचा भात पहिल्यांदा तोंडात घातल्यावर सुभद्रामावशी थांबली आणि गंभीरपणे म्हणाली, ‘बाई, तुमच्या देवाले एका वाणाचा तांदूळ भेटत नाही काय?’ आई इतकी हसली की तिच्या हातातली पळी खाली पडली. मला वाटतं, त्या दोघींची मैत्री त्याच दिवशी पक्की झाली. जेवणं झाली की आमच्या बायका गीतं म्हणायच्या आणि वस्तीतल्या बायका जात्यावरच्या ओव्या. चाली जुळायच्या नाहीत आणि कोणाचं काही अडायचंही नाही. माझ्या आयुष्यात इतकी सुंदर दुपार पुन्हा आली नाही, आणि ती भुकेची दुपार होती हे मला आजही विचित्र वाटतं.

पण पाचवा आठवडा लागला आणि कोठीचा आवाज बदलला. तांदूळ ओतला की पत्रा वाजायला लागला. दोन मुठी काढून काढून घरंही खाली झाली होती. नेमका तेव्हाच मुनीमाचा निरोप आला. सोमवारी सकाळी ज्या पान घ्यायला येतील त्यांचं काम राहील. ज्या येणार नाहीत त्यांची नावं कायमची कमी. आणि सुभद्राचं नाव आली तरी कमी. त्या रोडवरच्या वखारी एकमेकांना धरून होत्या. एकीनं नाव काढलं की दुसरी पान देत नसे. बायका कुजबुजायला लागल्या. सुभद्रामावशी विहिरीवर आईला म्हणाली की जाऊ द्या त्यांना, मी अडवणार नाही, त्यांची पोरं लहान आहेत. तिच्या मुलीही लहानच होत्या. ती हे बोलली आणि बादली न भरताच परत गेली.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी आमचा हंगामाचा सण होता.

हंगामाचा सण म्हणजे वर्षातला सर्वांत गमतीचा रविवार. पिकातलं, परसातलं, जे काही आपल्या हातचं असेल त्याचं पहिलं फळ वेदीपुढे आणून ठेवायचं. भोपळे, उसाच्या मोळ्या, संत्र्यांच्या करंड्या, पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की त्याचा लिलाव व्हायचा, पीटरमामांच्या गार्डाच्या आवाजात. आणि आमची रीत अशी, की ज्यानं वस्तू घेतली त्यानं ती जमलं तर पुन्हा देवाला द्यायची. मग तिचाच पुन्हा लिलाव. एकेक अंडं तीनतीनदा विकलं जायचं. शेवटी कोणाची तरी बायको डोळे वटारायची, आणि भोपळा मुकाट्यानं घरी जायचा.

शनिवारी मी विहिरीवर कपडे धूत होते तेव्हा सुभद्रामावशीनं मला विचारलं की उद्या तुमच्याकडे काय असतं. मी सांगितलं. इतके दिवस तुमच्यात जेवलो, आम्ही काय आणावं, असं तिनं विचारलं. मी कपडे आपटता आपटता, मान वर न करता, पाठ केल्यासारखं म्हटलं की आपल्या हातच्या कामाचं पहिलं फळ आणायचं. एवढं बोलून मी विसरून गेले. पोपटपंचीची शिक्षा कधी ना कधी मिळतेच.

रविवारी गीत चालू असताना वस्तीतल्या सहाजणी मागच्या दारानं आत आल्या. धुतलेली लुगडी, डोक्यावर पदर. सुभद्रामावशीच्या हातात फडक्यानं झाकलेली टोपली. त्यांना पाहून लोकांनी वाट दिली. तिनं टोपली वेदीपुढे, भोपळा आणि अंड्यांच्या मधे, नीट ठेवली आणि मागे जाऊन उभी राहिली. पाळकसाहेबांनी फडकं उचललं. आत बिड्या होत्या. सहा कट्टे, गुलाबी दोऱ्यानं बांधलेले.

गीत मधेच बंद पडलं. पेटी वाजवणारा दोन ओळी एकटाच पुढे गेला आणि मग थांबला. साऱ्या मंडळीनं एकदम मान वळवून शांतवन मास्तरांकडे पाहिलं. मी खाली पाहत होते. जमीन दुभंगावी असं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

मास्तर उठले. सावकाश पुढे गेले. एक कट्टा उचलून, सवयीनं, नाकाशी नेला. मग वळून त्यांनी सुभद्रामावशीला विचारलं, ‘बाई, हे काय आहे?’

ती घाबरली नव्हती. ‘छाट हाये, मास्तर. मुनीमानं फेकली ते. या पोरीनं सांगतलं, हातचं पहिलं आना. पहिलं त मुनीमच नेते. आमच्या हातात हेच उरलं, ते आनलं.’

मास्तर तो कट्टा हातात फिरवून पाहत राहिले. एक बिडी काढली, उजेडाकडे धरली. ज्या वस्तूशी ते चाळीस वर्षं भांडले ती त्यांनी इतक्या जवळून बहुधा पहिल्यांदाच पाहिली. किती सरळ वळलेली, किती बारीक दुमडलेली. त्यांनी विचारलं की यात खराब काय आहे. तिनं सांगितलं की काही नाही. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं आणि खूप वेळ लावून तो घडी करून ठेवला.

‘पीटर,’ ते म्हणाले, ‘लिलाव यांच्यापासून सुरू करा. माझे दहा रुपये.’

दहा रुपयांत तेव्हा घरात आठवडाभराचा भाजीपाला यायचा, आणि मास्तर पेन्शनवर होते. पीटरमामांनी तीनदा पुकारलं आणि टोपली मास्तरांच्या हातात दिली. आता चर्चमध्ये काळा कोट घातलेले शांतवन मास्तर बिड्यांची टोपली घेऊन उभे. मागून कोणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी टोपलीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि म्हणाले की मी ही घरी नेऊ शकत नाही. परत देवाला देतो.

इथंच सारी मेख होती. भोपळा कधी ना कधी कोणी घरी नेतो. बिड्या कोण नेणार? आमच्या मंडळीत जे ओढायचे ते चोरून ओढायचे, चारचौघांत टोपली घेऊन घरी जायची छाती कोणाची होती? ज्यानं बोली जिंकली त्याला ती परत द्यावीच लागायची. पेटीवाल्यानं घेतली, परत दिली. इस्पितळाच्या मेट्रननं घेतली, परत दिली. पीटरमामांनी स्वतःच पुकारून स्वतःच घेतली आणि टोपलीकडे असं पाहून परत दिली की त्यांच्या बायकोनं कपाळावर हात मारला. पैसे संपले तसे लोक धान्य बोलायला लागले. एक पायली तांदूळ. दोन पायल्या जवारी. कामठीच्या छावणीतून दर हंगामाला येणारा एक निवृत्त सुभेदार उभा राहिला आणि म्हणाला, ‘एक पोतं.’ त्यावर लकडगंजात लाकडाच्या वखारीवर काम करणारे दोघे भाऊ मिळून म्हणाले, एक पोतं आणि सरपण. कोंबडी कोणाच्या लक्षात राहिली नाही. ती सुटून वेदीवर चढून बसली. आम्ही हसत होतो आणि रडत होतो. मला माझ्या लोकांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. दुपारी दोनपर्यंत ती टोपली विकली जात होती, आणि दोन वाजताही ती वेदीपुढेच होती.

संध्याकाळी हातगाड्यांवरून पोती आली. कोठी भरली, खोली भरली, मग बाकांमधली जागा भरली. वस्तीतल्या बायका खिंडारात उभ्या राहून पाहत होत्या. ज्या सोमवारी जाणार होत्या त्याही त्यांत होत्या. सोमवारी सकाळी मुनीम पानांचे गठ्ठे मांडून बसला आणि एकही बाई गेली नाही.

त्या आठवड्यात लेबर ऑफिसात बोलावणं आलं. पाळकसाहेब, सुभद्रामावशी, कागद वाचून दाखवायला मी, आणि न बोलावता आलेले शांतवन मास्तर, असे आम्ही गेलो. मास्तरांच्या हातात एक पिशवी होती. मुनीमानं अर्ज दिला होता की या बाईनं छाटीचे सहा कट्टे चोरून नेले. मास्तरांनी लेबर ऑफिसातल्या साहेबांची परवानगी घेतली, पिशवीतून दीडशे सुट्या बिड्या टेबलावर ओतल्या आणि अतिशय आदरानं म्हणाले, ‘मुनीमजी, या बाईंच्या हातच्या बिड्या आहेत. आपली पारख मोठी. यातली छाट काढून दाखवता का?’

मुनीम फुशारला. बाह्या वर करून त्यानं भराभर निवडायला घेतलं. दहाबारा बाजूला टाकल्या आणि बाकीच्या ढिगावर हात ठेवून म्हणाला, हा माल चोख.

‘हेच ते सहा कट्टे,’ मास्तर म्हणाले. ‘आपल्या अर्जात हे सगळेच्या सगळे छाट आहेत.’

साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. मास्तर खुर्चीवर बसले आणि त्यांनी छत्री दोन्ही गुडघ्यांमधे उभी धरली, परीक्षेचा वेळ संपल्यावर धरायचे तशी. पुढचं लिहून घ्यायला अर्धा तास लागला. छाट बाईसमोर मोजायची, बाईसमोर मोडायची, आणि सुभद्राचं नाव कायम. जिना उतरताना सुभद्रामावशीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या दोन बांगड्या फुटल्या. त्या फुटल्या म्हणून मी कधी दुःख केलं नाही.

हे सारं ऐकता ऐकता रंगारी कोठीच्या कडेवर टेकला होता. ‘मग ठेवायची ना ही?’ त्यानं विचारलं. पाळकसाहेबांनीच हो म्हटलं. मी घरी जायला उठले. पण त्यांना सांगायचं राहून गेलं ते असं, की त्याच्या पुढच्या शनिवारी, वखारीतून पहिली पुरी मजुरी मिळाली त्या दिवशी, आमच्या दारात सुभद्रामावशी आणि तिच्यामागे सारी गल्ली उभी होती. प्रत्येकीच्या पदराला तांदळाची गाठ. आई बाहेर आली, गाठी पाहिल्या, आणि तिचा चेहरा पडला. ती म्हणाली की देवाला दिलेलं आम्ही परत घेत नाही, सुभद्रा. हे लेकरांना घाल.

‘परत कोन देऊन राहिलं, बाई?’ सुभद्रामावशी म्हणाली. ‘लकडगंजातले हमाल कामावर जाऊन नाही राहिले, त्याईच्या घरी चूल नाही म्हणते. हे आमची मूठ हाये. मी फेडून नाही राहिली. मी देऊन राहिली.’

आई जन्मभर देत आलेली बाई; घ्यायचं कसं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. मग ती पायरीवरून खाली उतरली आणि सुभद्रामावशीपुढे तिनं आपला पदर पसरला.